जिन्याला रकाना नव्हता

लायसन्सवाले काका अठ्ठावीस वर्षं अनोळखी माणसांच्या शेजारी बसून त्यांना नापास करत आले होते. गाडी चालवण्याच्या परीक्षेचे ते सरकारी परीक्षक. निम्म्या शहराने त्यांच्या नावाने बोटं मोडली होती आणि उरलेलं निम्मं मुकाट्याने बसने फिरत होतं. आता एक्याऐंशीव्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं आणि काकांना अंघोळ घालायला घरी माणूस येऊ लागलं.

लेक तासाभराच्या अंतरावर, नोकरीत गुंतलेली. तिनेच सेवा देणारी कंपनी शोधली आणि कंपनीने मावशींना पाठवलं. मावशी पंचेचाळिशीच्या. त्यांचं बोलणं जिन्यातच सुरू व्हायचं आणि दार उघडेपर्यंत निम्मं होऊन गेलेलं असायचं. कंपनीने दारामागे तक्ता लावला होता: अंघोळ अठरा मिनिटं, नाश्ता बारा, गोळ्या तीन, आपुलकीचा संवाद चार. मावशींनी तो पहिल्या दिवशी वाचला आणि त्याच्या खिळ्याला स्वतःची पिशवी अडकवली.

अंघोळ झाली की मावशी म्हणायच्या, "चला काका, टाका गिअर." मग दोघं जिना उतरायची. दोन मजले, छत्तीस पायऱ्या. खाली वह्या-पेनांच्या दुकानासमोर बाक होता. तिथे बसून काका येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना शिव्या द्यायचे आणि तरतरीत होऊन वर यायचे. कंपनीच्या नियमात 'ग्राहकाला जिन्यावर नेऊ नये' असं ठळक अक्षरात छापलं होतं. पण दोन महिन्यांपूर्वी ज्यांना न्हाणीघरापर्यंत जाताना दोन माणसं लागायची, ते काका आता एका काठीवर भागवत होते. दोघांनीही याची वाच्यता कुठे केली नव्हती.

मग सरकारी कार्यालयातून पत्र आलं. घरी मिळणाऱ्या सेवेची गुणवत्ता तपासायला गुरुवारी तिथल्या एक बाई येणार होत्या. बुधवारी कंपनीचा व्यवस्थापक हजर झाला. तरुण, बूट आरशासारखे, बोलणं मधाळ.

"काका, उद्या विचारतील, तुमच्या मताचा आदर होतो का? तुम्ही काय म्हणाल?"

"विचार करून सांगेन."

"विचार नको. 'नेहमी' म्हणायचं. 'नेहमी'ला पाच गुण आहेत."

"म्हणजे माझ्या मताचा आदर होतो, हे मत तुमचं."

व्यवस्थापक मनापासून हसला, कारण त्याला ते कळलं नव्हतं. जाता जाता त्याने कॅलेंडरवर 'ग्राहकाचे हक्क' असा रंगीत कागद चिकटवला आणि म्हणाला, "उद्या मावशी येणार नाहीत. प्रशिक्षणात पहिली आलेली मुलगी पाठवतो. मावशी कामाला चांगल्या आहेत, पण जरा मोकळ्या आहेत."

पहिली आलेली मुलगी बरोबर सातला आली. गोड होती बिचारी, पण प्रत्येक गोष्ट आधी जाहीर करायची.

"आता मी तुमचा डावा हात धुणार आहे."

"दिसतंय मला," काका म्हणाले.

अठराव्या मिनिटाला साबण अंगावर असतानाच अंघोळ संपली. काकांनी कुरकुर केली तेव्हा तिने दोन तांबे नाश्त्याच्या वेळेतून ओतले. मग आपुलकीचा संवाद आला. "आज तुम्हाला कसं वाटतंय?" तिने विचारलं. काका पाय दुखतोय की पोट यातलं काय आधी सांगावं ते ठरवत होते, तेवढ्यात तिच्या फोनची घंटी वाजली आणि चार मिनिटं भरली.

तपासणीच्या बाई दहाला आल्या. पन्नाशीच्या, दमलेल्या, हातात टॅबलेट. काकांना नमस्कार करून आणि तपासणीसाठी थांबलेल्या मुलीकडे एक नजर टाकून त्या फाइलीकडे वळल्या आणि पाऊण तास तिच्यातच होत्या. "फाइल फारच सुरेख ठेवलीय," त्या म्हणाल्या. मग सदतीस प्रश्न सुरू झाले.

"अंघोळीच्या वेळी तुमचा सन्मान राखला जातो का? कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुधा, नेहमी."

"कपडे काढून स्टुलावर बसवतात मला. त्यात किती उरत असेल तो तुम्हीच बघा."

"मग 'बहुधा' लिहू?"

"लिहा."

विसाव्या प्रश्नाला बाई थांबल्या. "काका, तुम्ही मला ओळखलं नाही. दोनदा नापास केलंय तुम्ही मला."

"कशाबद्दल?"

"आरसा न बघता गाडी वळवली म्हणून. दोन्ही वेळा."

"मग बरोबरच केलं," काका म्हणाले. "पण कधी कागद बघून केलं का? शेजारी बसायचो. तुम्ही मात्र पाऊण तास फाइल वाचली, आणि जी मुलगी बघताय ती आज पहिल्यांदा आलीय. उद्या या. नेहमीच्या मावशी असतील."

"कंपनीला दोन दिवस आधी कळवावं लागतं."

"तपासायला येऊ नका. मला भेटायला या. पाहुण्याला नोटीस लागत नाही."

त्या येतील असं काकांना वाटलं नव्हतं. शुक्रवारी त्या आल्या. मावशींना वाटलं, काकांची कोणी पुतणी असेल. त्यांनी पाण्याची बाटली बाईंच्या हातात दिली आणि स्वतः काकांना धरून निघाल्या. अकराव्या पायरीवर काकांचा पाय थरथरला. ते खाली बसले. "आज नको." मावशीही शेजारी टेकल्या आणि नवऱ्याच्या घोरण्यावर बोलू लागल्या. कसा तो स्वतःच्याच आवाजाने दचकून उठतो आणि 'कोण आहे?' म्हणून त्यांनाच विचारतो. काका हसले. हसता हसताच कठड्याला धरून उठले. उरलेल्या पायऱ्या कधी संपल्या ते त्यांनाही कळलं नाही.

बाकावर बसल्यावर बाईंनी आपण कोण ते सांगितलं. मावशी बाकावरून उठल्या.

"म्हणजे माझं काम गेलं का?"

बाई टॅबलेटवर बोट फिरवत राहिल्या. "जिन्याला रकाना नाहीये," त्या म्हणाल्या. "आहे तो फक्त धोक्याच्या यादीत. आणि मला खोटं लिहिता येत नाही."

"मग खरं लिहा," काका म्हणाले.

"खऱ्याला जागा कुठेय?"

काका त्यांच्या बोटाकडे बघत होते. परीक्षकाने पेन उघडलं की गाडीत बसलेल्या माणसाचं काय होतं, हे अठ्ठावीस वर्षांत त्यांना ठाऊक नव्हतं. आता मावशींमुळे ते त्यांना कळत होतं. तरी हात जोडायचं त्यांना जमेना. ते एवढंच म्हणाले, "मावशी गाडी चांगली चालवतात हो."

अहवाल तीन आठवड्यांनी आला. कंपनीला 'उत्कृष्ट' दर्जा मिळाला, फाइलीचं खास कौतुक झालं. शेवटी एक ओळ होती: 'ग्राहक स्वतःच्या इच्छेने जिना उतरतो, सेविका सोबत असल्याने धोका कमी होतो.' ही ओळ वाचून व्यवस्थापक फोटोवाल्याला घेऊन धावत आला. पायरीवर काका, शेजारी प्रशिक्षणात पहिली आलेली मुलगी, असा फोटो निघाला. फोटोच्या वेळी मावशींनी बाटली धरली. महिन्याभरात कंपनीने 'जिना-सेवा' जाहीर केली आणि दारामागच्या तक्त्यात नवी ओळ आली: जिना, नऊ मिनिटं.

"नऊ मिनिटांत तर माझी चप्पल सापडत नाही," मावशी म्हणाल्या.

त्याच आठवड्यात काकांना फोन आला. तपासणीच्या बाईंचा. आधी इकडचं तिकडचं बोलून झालं.

"काका, एक विचारायचं होतं. माझी आई पडलीय. सहा आठवडे झाले, पलंग सोडत नाही."

"उत्कृष्टवाल्या कंपन्यांची यादी असेल ना तुमच्याकडे?"

"आहे. मीच केलीय ती." मग त्या हळूच म्हणाल्या, "मावशींना दुपारी वेळ असतो का?"

काकांनी स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली. मावशी कपबशी विसळत होत्या.

"दोन ते चार मोकळ्या आहेत म्हणतात," काका फोनवर म्हणाले. "कितवा मजला तुमचा?"

"तिसरा."

"कितवा?" आतून मावशींनी विचारलं.

"तिसरा," काकांनी सांगितलं.

"मग अडीचला येते म्हणावं. आणि आईंची चप्पल काढून ठेवायला सांगा."