सातव्या घराचा सूर

पोरांनो, सरकून बसा जरा, पायरीवर जागा पुष्कळ आहे. म्हातारा यायला अजून वेळ आहे. तोवर एक गोष्ट सांगतो. मी वाजत असताना तुम्ही रोज एका जागी फिदीफिदी हसता ना, त्या जागेचीच गोष्ट आहे ती.

मी एक जुना बाजा आहे, तोंडाने फुंकायचा. माउथ ऑर्गन म्हणता तुम्ही. माझ्या अंगात दहा घरं आणि घराघरात पितळेची पातळ पाती. श्वास आत शिरला की पाती थरथरते आणि सूर निघतो. एवढंच माझं शिक्षण. नवा होतो तेव्हा असा झळकायचो की माझ्यात बघून कुणी भांग पाडला असता.

म्हातारा तेव्हा तरणा होता. या लाँड्रीत इस्त्री मारायचा. बायको मागच्या हौदावर कपडे धुवायची. त्याला चाल एकच यायची, आईकडून कानावर पडलेली, चार ओळींची. दुपारी इस्त्री टेकवली की तीच वाजवायचा. "सासूबाईंनी एवढंच दिलं का हो?" असं बायको चिडवायची.

एकदा मी त्याच्या शर्टाच्या खिशात राहिलो आणि तिने शर्टासकट मला धुतलं. सोडा, साबण, वर चार आपट्या. तीन पाण्यांतून निघालो मी! नऊ घरं वाचली, सातव्याची पाती गेली. आणि चौथ्या ओळीचा शेवटचा सूर नेमका तिथला. जिन्याची शेवटची पायरी कुणी काढून न्यावी, तसं झालं.

माझा मालक, म्हणजे तिचा नवरा, दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. बोलायची ती इस्त्रीच, धाडधाड. तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून मला तोंडाला लावलं. चौथ्या ओळीच्या शेवटी मी मुका झालो, आणि हौदाकडून तिने तो सूर गळ्यातून दिला. हात फेसात, मान खाली.

"मी बुडवला ना?" ती म्हणाली. "मग मीच भरून देईन."

चाळीस वर्षं भरून दिला हो तिने. मला दुरुस्त करायचं त्याने नाव काढलं नाही. लेक त्याच चालीवर झोपली, मोठी झाली, लग्न करून लांब गेली. पण दुपारचा तो एक सूर कधी चुकला नाही. भांडण झालं असलं तरी नाही. मग तो जरा रागाने यायचा, एवढंच.

मग एका सकाळी चादरीची घडी घालता घालता ती खालीच बसली. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. उजवा हात गेला आणि वाचा गेली. सगळं कळायचं तिला, पण शब्द सापडायचा नाही. नवऱ्याला हाक मारायला ओठ गोल करायची आणि आवाज आला नाही की भिंतीकडे तोंड फिरवायची.

बोलणं शिकवायला एक डॉक्टरीण यायची. ती मालकाला म्हणाली, "काका, बोलण्याची खोली बंद पडली काकूंची. पण गाण्याला डोक्यात बरीच दारं असतात. ओळखीची चाल लागली की मेंदू कानाच्या पुढे धावतो. आता हा सूर येणार, येणार, असं करतो. आणि तो आला की भुकेल्याला घास मिळावा तसं सुख होतं त्याला. तुम्ही वाजवा."

त्याने वाजवलं. मी माझ्या जागी गप्प झालो. पहिल्या दिवशी काही नाही. नवव्या दिवशी तिच्या गळ्यातून कापरं, बारीक असं काहीतरी निघालं, पण सूर तोच होता. मालकाच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या घरांत ओघळलं. मला पाण्याचं वावडं, पण तेवढं मी सोसलं.

महिनाभराने त्या सुरात शब्द आला. "अहो."

लेकीला फोन गेला. ती धावत आली. आईला गाताना बघून वेडी झाली आनंदाने. तिच्या मनात आलं, मोडक्या बाजाने एवढं, तर धड बाजाने किती होईल! बापाला न सांगता तिने मला कारागिराकडे नेलं. त्याने सातव्या घरात नवी पाती बसवली, मला घासून चकचकीत केलं. लेकीने मला बापाच्या हातात ठेवलं तेव्हा तिचा चेहरा माझ्याहून लखलखत होता.

मालकाने वाजवलं. चौथी ओळ आली. तिने श्वास घेतला, ओठ गोल केले, आणि तो सूर मीच बोलून गेलो.

तिचे ओठ मिटले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मालकाने तिथे थांबून बघितलं, पण ती वाटच बघेनाशी झाली होती. काय बघणार? तिची जागा भरली होती ना.

आठव्या दिवशी त्याने लेकीच्या देखत मला उघडलं आणि चिमट्याने ती पाती उपटली.

"बाबा, चांगली होती की ती," लेक म्हणाली.

"चांगलीच होती गं. पण ती जागा तुझ्या आईची होती."

बोल लावला नाही तिला. लेक मात्र तिथेच दाराला धरून उभी राहिली.

त्याने पुन्हा वाजवायला घेतलं. मी थांबलो. तिने डावं बोट चादरीवरून जरासं उचललं. सूर आला नाही. त्याच आठवड्यात दुसरी गाठ आली, आणि ती गेली.

मित्रांनो, जुनी वस्तू नीट करायला घेतलीत तर तिच्या मोडक्या जागी कुणी राहतं का, ते आधी विचारा. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मोठ्यांशी मी फुंकल्याशिवाय कुठे बोलतो?

ऐका, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आता तो वाजवेल आणि चौथ्या ओळीच्या शेवटी थांबेल. विसरला असं समजून हसू नका. चाल तर तुम्हाला पाठच आहे. तेवढा एक सूर तुमच्यापैकी कुणीतरी द्या. हळूच दिलात तरी चालेल.