चाळिशीच्या वरची रिले

माझं डोस्कं लवकर तापतंय. बायको सांगती, मेव्हणा सांगतो, भट्टीवरची पोरं तर पैज लावून सांगत्यात. पण या खेपेला मी तापलो त्यात माझं काय चुकलं, ते तुमीच ठरवा.

मी मायाप्पा, उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारा. आमचा रनिंग क्लब म्हणजे चौघंच. मी, मेव्हणा देवाप्पा, पोस्टातला ज्योतिबा आणि गवंडीकाम करणारा भरमू. पहिल्या पाळीच्या आधी अनगोळातनं निघायचं, पिरनवाडीपतोर पळायचं आणि परत यायचं. रिलेची काठी म्हणून भंगारातला पाइपचा तुकडा. चाळिशी उलटलेली गडीमाणसं चड्डीवर पळत्यात म्हटल्यावर लोक हसायचीच.

दर जानेवारीला चाळीस वर्षांवरच्यांची रिले असायची. किणयेपासनं अनगोळापतोर, चौघांनी तीन-तीन किलोमीटर. चार वर्षं सलग साहेबलोकांचा एक क्लब जिंकत आलता. पायात पांढरे बूट, मागनं जीप, जीपमदी ग्लुकोजचं पाणी. त्र्याऐंशी साली आमी दुसरे आलो, तर त्येंचा सेक्रेटरी आमच्यादेखत बोलला की ही मंडळी फुकटच्या उपम्यासाठी येत्यात. आमी उपमा तसाच ठिवून घरी आलो. भरमूची भूक दांडगी, त्येचं तोंड बघवत नव्हतं. मी त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या वर्षी या सेक्रेटरीला पाठ दाखवायची, पण आपली, पुढनं.

चौऱ्याऐंशीत नाव द्यायला गेलो तर फॉर्मवर वय लिवून सही करायची होती. मी चव्वेचाळीस लिवलं. देवाप्पानं टेबलाखालनं माझ्या पायावर पाय दिला, कारण कारखान्याच्या कागदावर मी एकोणचाळीसच होतो.

त्येचं असं झालं. आमचं गाव जांबोटीच्या अलीकडं, रानात. दहा-अकरा वर्षांचा होईपतोर मी गुरं राखली. मग आप्पाच्या मनानं घेतलं, पोरगं शाळेत घालायचं. पण पहिलीत एवढा घोडा कोण घेणार? त्या वक्ताला शाळेत घालताना डोक्यावरनं हात घालून पलीकडचा कान धरायला लावायचे. हात पुरला की पोरगं सहाचं. आप्पानं वाटंतच शिकवलं, खांदा आवळून धर, बोटं जेमतेम टेकव. मी अंगानं बारका. बोटं टेकवली, गुरुजींनी सहा लिवलं. तारीख सगळ्या गावाची एकच असायची, एक जून. माझी झाली एक जून चव्वेचाळीस. फाउंड्रीत लागताना शाळेचा त्योच दाखला लावला. म्हणजे नोकरी पाच वर्षं जास्त. मग मी कशाला बोंबलतोय?

शर्यतीला भरमू पहिला पळाला, मग ज्योतिबा, मग देवाप्पा. माझ्या हातात काठी आली तवा फुडं त्यो सेक्रेटरीच, चांगला पन्नास पावलं. आमच्या फाउंड्रीसमोर आलो तर कंपाउंडवर सगळी पाळी चढून बसलेली, पत्रे बडवत होती. छाती फुटायची बाकी राहिली होती, पण त्या आवाजानं पाय आपसूक उचलले. त्येच्या कानाशी आल्यावर मी म्हटलं, "साहेब, उपमा ठिवा, येतोय." आणि गेलो फुडं. कप आमच्या क्लबात आला. क्लबात म्हणजे देवाप्पाच्या कोनाड्यात.

आठ दिवस झाले नसतील, म्यानेजरनं बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक माझा शर्यतीचा फॉर्म, एक माझा दाखला. सेक्रेटरीनं कारखान्याला पत्र लिवून माझी जन्मतारीख मागितलीती. म्यानेजर माणूस वाईट न्हाय. त्येनं सरळ सांगितलं, शर्यतीच्या फॉर्मवर चुकून जास्त वय लिवलं असं लिवून दे आणि कप परत कर, विषय मिटला. न्हायतर दाखला खोटा ठरतो, आणि तुला पाच वर्षं आधी घरी बसावं लागंल. परवापतोर सांग म्हणाला.

घरी बैठक बसली. देवाप्पा म्हणाला, कप दिऊन टाकू, पितळंच हाय ते. ज्योतिबानं हो म्हणून मान हलवली. माझी बायको शालूबाई बोलली की तुमचं वय तुमाला म्हाईत, पण धाकटीचं शिक्षण अजून व्हायचंय. ते मला लागलं. मी ताट ढकलून उठलो, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून खानापूरच्या कचेरीत गेलो.

कुणाला न सांगता गेलतो. जुन्या मयतांचं रजिस्टर मराठीत आणि क्लार्क कानडी. त्येनं वही माझ्याकडंच फिरवली, तूच हुडीक म्हणाला. तासभर पानं उलटली. मग घावलं. नागुबाई कोम नागोजी, म्हणजे नागोजीची बायको, हिवताप, ऑगस्ट बेचाळीस. नागोजी म्हणजे आमचा आप्पा. त्येनं पुन्हा लगीन केलं न्हाय. क्लार्कनं इचारलं, सिक्कितेनप्पा, म्हणजे घावलं का? मी मान हलवली. डोळं भरून आलते, आणि त्या परक्या माणसासमोर मला त्येची लाज वाटली न्हाय.

उतारा घिऊन म्यानेजरसमोर उभा राहिलो. त्येनं वाचला आणि इचारलं, ह्या बाईचा इथं काय संबंध?

"माझी आई, साहेब. तुमच्या कागदाप्रमाणं मी चव्वेचाळीस साली जन्मलो. ती गेली बेचाळीसला. मेलेल्या बाईला पोर झालं असं लिवून दिऊ?"

त्येनं चष्मा काढला. दोन्ही तारखा पुन्हा बघितल्या. मग म्हणाला, मायाप्पा, तू खरं बोलतोयस हे दिसतंय मला, पण नोकरीची पाच वर्षं जातील. घरी इचारलंस का?

"इचारलंय. बायकोला राग येईल, त्यो मी सोसीन," मी म्हटलं. "पण आप्पानं जी पाच वर्षं खोडली, त्यातली तीन वर्षं मला आई होती, साहेब. तेवढीच होती. ती मी कुणाला खोडू देणार न्हाय."

त्येनं पेन फुडं केलं. मी जन्मसाल एकोणीसशे एकोणचाळीस लिवलं आणि खाली सही ठोकली.