विहिणी आखाड्यात

लग्न शनिवारी होतं आणि गुरुवारी सकाळी एर्सिलियाच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर वांगी, खुर्च्यांवर वांगी, खिडकीत टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या, आणि या सगळ्या पसाऱ्यात भिंतीला पाठ टेकून, मांडीवर हात ठेवून बसलेली तिची नवी विहीण, होणाऱ्या जावयाची आई. देल्फीना आदल्या संध्याकाळी तुरीनहून आली होती. उंच, सडपातळ बाई. तिकडे तिने जन्मभर ट्राम चालवली होती आणि नुकतीच निवृत्त झाली होती. ती काही बोलत नव्हती. आधी वांग्यांकडे बघायची, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग पुन्हा वांग्यांकडे.

एर्सिलियाने शेवटी आपल्या मुलीचं मनगट धरलं आणि तिला मागच्या अंगणात ओढत नेलं.

"ही बाई बोलत का नाही गं? बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. काल रात्री मी जेवणाचा बेत सांगितला, तर म्हणते काय, 'एवढं कोण खाणार?' माझ्या घरात बसून, माझ्या तोंडावर!"

"आई, सहज विचारलं त्यांनी," लोरेदाना म्हणाली.

"सहज कोणी विचारत नसतं. आणि तो केक? हेझलनटचा, स्वतःच्या हातचा, तुरीनहून मांडीवर घेऊन आल्यात. म्हणजे आम्ही काय पाहुण्यांना उपाशी घालवणार होतो?"

लोरेदानाने आईचे दोन्ही खांदे धरले. "हे बघ, त्यांना आखाडा बघायचाय. तिकिटं काढून ठेवलीयत. फोनवर ती चालता चालता माहिती सांगणारी टेप असते ना, तीही घेतलीय. तू त्यांच्याबरोबर जा."

"मी? वांगी कोण तळणार?"

"मावशी तळेल."

"तुझी मावशी मीठ दोनदा घालते."

"आई, जा गं! माझ्यासाठी जा."

सांता मारिया कापुआ वेतेरेतलं ते रोमन काळाचं भलंमोठं अँफिथिएटर एर्सिलियाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. गावातले सगळे त्याला नुसतं आखाडा म्हणत. तिचं बटणा-दोऱ्यांचं दुकानही त्याच रस्त्यावर होतं आणि रोज सकाळी शटर उघडताना त्या तुटक्या कमानी तिच्या पाठीशी असत. पण आत ती शाळेच्या सहलीनंतर कधी गेलेली नव्हती. आपल्याच दारातले दगड बघायला पैसे कोण देणार?

फाटकावर देल्फीनाने पर्समधून दोन तिकिटं काढली.

"दोन कशी?" एर्सिलियाने विचारलं.

"तुरीनमध्येच काढली होती. म्हटलं, तुम्हीही याल."

एर्सिलियाने आपलं तिकीट उलटसुलट करून पाहिलं आणि फाटकातून आत शिरली.

पुढची अडचण कानांची निघाली. एर्सिलियाचा फोन जुना, बटणांचा, त्यावर टेप वाजणं शक्यच नव्हतं. देल्फीनाकडे इयरफोनची एकच जोडी होती आणि तीही वायरची. तिने कानात घालायचं एक बोंडूक रुमालाने पुसलं आणि विहिणीपुढे धरलं. मग दोघी एका वायरीला बांधल्यासारख्या निघाल्या. एक ताडासारखी, दुसरी तिच्या खांद्याएवढी. देल्फीनाने लांब टांग टाकली की एर्सिलियाच्या कानातून बोंडूक निसटायचं. एर्सिलिया ओळखीच्या रखवालदाराशी बोलायला थांबली की देल्फीनाचा कान ओढला जायचा.

"इकडून चला हो," एर्सिलिया म्हणाली. "लहानपणी आम्ही इथूनच घुसायचो. जवळ पडतं."

टेपमधला माणूस बातम्या दिल्यासारखा गंभीर आवाजात बोलू लागला. 'आपण आता मुख्य प्रवेशद्वारासमोर उभे आहात. उजव्या हाताला पाहा. या संगमरवरी देवतेच्या चेहऱ्यावर केवढी शांती आहे.'

दोघींनी उजवीकडे पाहिलं. तिथे संडास होता, आणि दारात एक जाडजूड गृहस्थ पट्टा आवळत उभे होते.

"शांती तर आहे," एर्सिलिया म्हणाली.

देल्फीनाच्या नाकातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की शिंकेचा, ते एर्सिलियाला कळलं नाही. "मागे फिरायचं," देल्फीना म्हणाली. "पहिल्या थांब्यापासून सुरुवात करायची. मधूनच चढलं की सगळा मार्ग चुकतो."

"अहो, ही काय ट्राम आहे?"

"थांबे आहेत ना? मग ट्रामच."

मग पहिल्या थांब्यापासून रीतसर सुरुवात झाली. एर्सिलिया टेपमधल्या माणसाला अधूनमधून उत्तरं देत होती. तो म्हणाला की इथला दगड पुढे लोकांनी घरं बांधायला नेला, तेव्हा ती म्हणाली, "नेला तर नेला, तुझ्या बापाचा होता का?" तिच्या बोलण्यात त्याची पुढची दोन वाक्यं बुडाली आणि देल्फीनाने टेप मागे घेतली. असं वारंवार झालं. शेवटी देल्फीना बटणावर अंगठा ठेवूनच चालू लागली. विहिणीने श्वास घेतला की टेप बंद, तिचं बोलून झालं की चालू. गर्दीच्या रस्त्यावर ट्राम हाकायची सवय तिथे कामी आली.

सहाव्या थांब्यावर दोघी जमिनीखाली उतरल्या. तिथे गार होतं. वरच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या ओल्या विटांवर पडल्या होत्या. इथेच जनावरं कोंडत, इथूनच माणसांना वर लढायला पाठवत.

'क्षणभर थांबा,' टेपमधला माणूस म्हणाला. 'डोळे मिटा.'

दोघींनी डोळे मिटले. कानात हजारो माणसांची आरोळी उठली, पायांचा दणदणाट झाला, साखळ्या खणखणल्या. एर्सिलियाने घाबरून हाताला लागेल ते धरलं. तो देल्फीनाचा दंड होता.

'इथे उभे असलेले तरुण दूरदूरच्या मुलखांतून आणलेले होते,' माणूस सांगू लागला. 'त्यांच्या घरी राहिलेल्या आयांना आपली मुलं कुठे आहेत, काय खातात, हे कधीच कळलं नाही.'

एर्सिलियाने डोळे उघडले नाहीत, पण त्यांतून पाणी येऊ लागलं. देल्फीनाने टेप थांबवली.

"लोरेदाना?" तिने हळूच विचारलं.

"मी काय वेडी आहे का," एर्सिलिया नाक पुसत म्हणाली. "लग्नानंतर ती तुरीनला राहणार, तो काही रानटी मुलूख नाही, माहितीय मला. तिथे दुकानं आहेत, दवाखाने आहेत. पण रोज दुपारी ती दुकानात डोकवायची हो. काही काम नसायचं. नुसती बटणांच्या खणात हात घालून बसायची आणि बडबडायची."

देल्फीनाने आपला रुमाल तिच्या हातात दिला. मग म्हणाली, "माझा एदोआर्दो शिकायला नेपल्सला आला तेव्हा मी दोन माणसांचा पास्ता शिजवत राहिले. शिजल्यावर लक्षात यायचं. टाकवत नसे, म्हणून सगळा खायचे. त्या हिवाळ्यात मला कंपनीकडून मोठ्या मापाचा गणवेश मागावा लागला."

एर्सिलियाने डोळे उघडून या काटकुळ्या बाईकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही? जाड?"

"दाराएवढी."

आणि मग एर्सिलियाला जे हसू फुटलं ते त्या भुयारात घुमत घुमत पार दुसऱ्या टोकाला गेलं. देल्फीनाही हसली. या वेळी शिंकेचा संशय घ्यायला जागा नव्हती.

वर उन्हात आल्यावर दोघी आखाड्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. चारही बाजूंना गवत उगवलेल्या पायऱ्या, आणि एका बाजूला पोलंडहून आलेला सहलीचा गट टोप्या घालून सँडविच खात बसलेला. टेपमधला माणूस आता हरलेल्या योद्ध्याचं काय करायचं हे लोक अंगठ्याने कसं ठरवत, ते सांगत होता. पण अंगठा वर म्हणजे जीवदान की खाली म्हणजे जीवदान, हे आज कोणालाच नक्की सांगता येत नाही, असंही तो म्हणाला.

"कमाल आहे!" एर्सिलिया म्हणाली. "एवढा वेळ बोलतोय आणि मुद्द्याचं तेच माहीत नाही."

देल्फीनाने कानातलं बोंडूक काढलं. "विहीणबाई, एक सांगू? काल मी विचारलं ना, एवढं कोण खाणार? ते मी खरंच विचारत होते. आमच्याकडून आम्ही चौघंच येणार. तुमच्याकडची किती माणसं, कोण कोण, मला काहीच माहीत नव्हतं. म्हटलं, बाई नावं सांगतील, म्हणजे शनिवारी मी अगदीच परक्यासारखी उभी राहणार नाही. तर तुम्ही एकदम उठून भांडी घासायला लागलात."

एर्सिलियाचे कान लाल झाले. रात्रभर जी गोष्ट तिने चघळली होती, तिच्यात चघळण्यासारखं काही नव्हतंच. तिने पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या.

"जा," ती म्हणाली. "वर जाऊन बस त्या पायऱ्यांवर."

आपण 'तुम्ही' सोडून 'तू'वर आलो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. देल्फीनाच्या मात्र आलं.

"कशाला गं?" तिने विचारलं.

"मी एकेक पदार्थ सांगते. तू अंगठा दाखव. आज निकाल लावून टाकू."

देल्फीनाने क्षणभर विचार केला. "आधी ठरवून घेऊ. वर म्हणजे राहिला, खाली म्हणजे गेला. नाहीतर नंतर वाद व्हायचा."

ती पायऱ्या चढून पोलिश मंडळींच्या शेजारी ताठ बसली. एर्सिलिया आखाड्याच्या मध्यावर, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि बाजारात हाक मारावी तशी ओरडली, "म्हशीच्या दुधाचा मोझरेला! आज सकाळचा!"

अंगठा वर.

"वांग्याची पार्मिजाना!"

अंगठा वर. सँडविच खाणारे खायचे थांबले.

"भोपळ्याची तळलेली फुलं!"

वर.

"तळलेले मासे!"

देल्फीनाचा अंगठा आडवा झाला आणि मग सावकाश खाली गेला.

"का?"

"तळलेलं एक झालं की! दोन-दोन तळणं करत बसलीस तर लग्न कधी बघणार? मुलगी तुझी आहे, कढईची नाही!"

पोलिश गटाच्या वाटाड्याला इटालियन येत होतं. त्याने पोट धरून हसत सगळं आपल्या लोकांना सांगितलं आणि पुढच्या पदार्थापासून सगळी पायरी कामाला लागली. शिंपल्यांचा पास्ता वाचला. सशाचा रस्सा खाली गेला. एर्सिलियाने त्याच्यासाठी हात जोडून दयेची याचना केली, पण जनता बधली नाही. बटाट्यांबरोबर भाजलेल्या कोकरावर मतं फुटली. एक लाल टोपीवाली आजी एकटीच अंगठा वर धरून उभी राहिली आणि आपल्या भाषेत असं काही तावातावाने बोलली की बाकीचे अंगठे एकेक करून वर आले. मॅकरोनीचे थर लावून भट्टीत भाजलेल्या तिंबाल्लोला तर लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या. चढायला मनाई असलेल्या दगडावर चढून रखवालदारही अंगठे दाखवत होता.

"झालं?" देल्फीनाने वरून विचारलं.

"एक राहिलंय!" एर्सिलियाने छाती भरून श्वास घेतला. "हेझलनटचा केक! तुरीनचा! माझ्या विहिणीच्या हातचा!"

देल्फीनाने आपला हात मांडीखाली दाबून ठेवला. स्वतःच्या केकला ती कसा काय कौल देणार? पण तिच्या दोन्ही बाजूंना, पुढे आणि मागे, एकजात सगळे अंगठे वर गेले, आणि लाल टोपीवाल्या आजीने तिचा दाबलेला हात ओढून काढला आणि तोही वर केला.

घरी परतायला दोघींना दुपार झाली. लोरेदाना काळजीने गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी होती. लांबून तिला दिसलं की दोघी एकमेकींच्या हातात हात घालून, थांबत, हसत, डोळे पुसत येतायत. ती आणखीच घाबरली.

"काय झालं? कुणी पडलं का?"

"ससा पडला," एर्सिलिया म्हणाली. "आणि मासे. आजच सांगून ये कोळणीला, नकोत म्हणावं."

"पण आई, बेत तर महिनाभर आधी ठरला होता! आता कोणी बदलला?"

"जनतेनं," देल्फीना गंभीरपणे म्हणाली.

शनिवारी अंगणात टेबलं लागली. तुरीनकडचे चौघं आणि एर्सिलियाकडचे जवळजवळ सत्तर. देल्फीनाला त्या सत्तरांतली बहुतेक सगळी नावं पाठ होती, कारण शुक्रवारचा अख्खा दिवस तिने वांगी सोलत आणि एर्सिलियाने नावं सांगत काढला होता. कोण कोणाचा मेहुणा, कोण कोणाशी बोलत नाही, कोणत्या आत्याला कोणत्या काकापासून लांब बसवायचं, सगळं. टेबलांमधून ती अशी फिरत होती, प्रत्येकाला नावाने हाक मारत, थाळ्या पुढे सरकवत, की एका म्हाताऱ्या चुलत्याने शेजाऱ्याला विचारलं, "ही आपल्यातली कोण रे? लहानपणी पाहिल्यासारखी वाटते."

तिंबाल्लो आला तेव्हा देल्फीनाने दोनदा घेतला. एर्सिलिया कोपऱ्यावरून बघत होती. तिने न विचारता तिसऱ्यांदा वाढला, आणि देल्फीनाने काट्याने ताटात जागा केली.