समोरून वारा

त्या दोन बेटांच्या मध्ये नुसता समुद्र होता. वारा पाठीशी असला तर विमानाला चार तास लागत, समोरून आला तर पाच; आणि वाटेत टेकायला टीचभर जमीन नाही. निम्म्याच्या थोडं पुढे एक जागा अशी यायची, की ती ओलांडली की परतण्याइतकं इंधन उरत नसे.

ती जागा जवळ आली तेव्हा सहवैमानिक अस्वस्थ झाला. वारा अंदाजापेक्षा जोरात होता. त्यात पलीकडून रेडिओवर निरोप आला, की धावपट्टीवर धुकं उतरतंय. बहुधा निवळेल.

शेजारी कॅप्टन बाई होत्या. पलीकडच्या बेटावर त्यांची एकुलती एक लेक सकाळीच दवाखान्यात बाळंतपणासाठी दाखल झाली होती. आज आपण आजी होणार, हे निघताना बाईंनी सामान चढवणाऱ्यांनाही सांगून टाकलं होतं.

"निवळेल की, बाई," तो म्हणाला. "ताई वाट बघत असतील."

"आणि नाही निवळलं तर? घिरट्या घालायला इंधन कुठंय?" बाईंनी एकदा घड्याळाकडे पाहिलं. "वळव. कळव त्यांना."

विमान वळल्यावर प्रवाशांनी गलका केला. बाई स्वतः उठून मागे गेल्या.

"तुमचं काय जातंय?" एक गृहस्थ कडाडले. "तुमचं कुणी तिकडे खोळंबलेलं नाही!"

सहवैमानिकाने कान टवकारले. आता बाई लेकीचं सांगतील, असं त्याला वाटलं.

"रागावणं बरोबर आहे तुमचं," बाई शांतपणे म्हणाल्या. "उद्या सकाळी मीच घेऊन जाईन." बस, एवढंच.

परत उतरले तेव्हा कळलं, की तिकडचं धुकं केव्हाच निवळलं होतं. बातमी प्रवाशांतही पसरली. काहींनी बाईंकडे पाहून नाकं मुरडली.

"आपण उतरलो असतो, बाई," तो हळहळला.

"असतो," त्या म्हणाल्या. "पण तेव्हा ते कुणाला ठाऊक होतं? उद्या असंच झालं तर पुन्हा वळेन." तेवढ्यात फोन वाजला. मुलगी झाली होती. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं, ते बराच वेळ तसंच.

सकाळी वारा पडला. पोहोचल्यावर बाईंची बॅग उचलून तोही दवाखान्यात गेला.

"काल तू हवी होतीस गं, आई," लेकीचे डोळे भरले.

"हो गं, बाळा." बाईंनी एकही सबब सांगितली नाही.

त्याला राहवेना. "ताई, काल काय झालं माहितेय का, बाईंनी—"

"तू गप्प बस रे," बाईंनी दटावलं.

"माहितेय मला," लेक डोळे पुसत म्हणाली. "लहानपणापासून बघतेय हिला." मग ती कशीबशी कडेला सरकली आणि आईला पलंगावर जागा करून दिली.