चार कड्यांची टाकी

मित्रांनो, तुम्ही मला नक्की पाहिलं असेल. ट्रेलरवर एक लोखंडी चौकट असते आणि तिच्या आत एक लांबट गोल टाकी आडवी निजलेली असते. ती मी. आता माझं वय झालं आहे. जहाज, मालगाडी, ट्रेलर, तिन्हीकडे मी चौकटीसकट बसते. आजवर माझ्या पोटातून तेलं गेली, गोंद गेला, डोळ्यांतून पाणी काढणारी आम्लं गेली. पण आज सांगायची आहे ती एका रिकाम्या दिवसाची गोष्ट.

माझा जन्म कागदावर झाला. मला आखणाऱ्या बाई केसांत पेन्सिल खोचून फिरायच्या आणि घरी जाताना ती तशीच घेऊन जायच्या. कारखान्यात त्यांना सगळे कंपासबाई म्हणत. कारखान्याचे मालक त्यांचे सख्खे मामा. बाईंनी माझं अंग गोल ठेवलं, कारण आतला दाब गोल अंगावर सगळीकडे सारखा वाटला जातो. दोन्ही टोकं बशीसारखी फुगीर ठेवली. आणि माझ्या पोटाभोवती बाहेरून चार जाड कडी घातली. वेल्डर त्यांना बांगड्या म्हणायचे.

मामांना त्या बांगड्या खुपल्या. टाकी जितकी जड, तितका माल कमी, असा त्यांचा हिशेब होता.

"अगं, आतल्या दाबाला ही पुरून उरते, मग हे ओझं कशाला?" त्यांनी विचारलं.

बाईंनी टेबलावरची प्लास्टिकची बाटली उचलली, पाणी पिऊन संपवलं आणि तोंड न काढता आतली हवा ओढून घेतली. बाटली कुरकुरत चपटी झाली.

"हिला बाहेरून कोणी दाबलं, मामा?"

"तू शोषलंस म्हणून बसली ती. टाकीला कोण तोंड लावणार आहे?" मामा हसले. "आणि हवा आत घेणारी झडप आहेच की वर."

"झडप माणसांच्या भरवशावर असते. कडी टाकीच्या अंगात असतात."

माझ्यापुरतं बाईंचं चाललं. चाचणीसाठी मला पाण्यानं काठोकाठ भरून नेहमीच्या दीडपट दाब दिला, तेव्हा सगळे भिंतीआड उभे राहिले. मी थोडी करकरले, पण एक थेंब गळू दिला नाही. वेल्डरकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तेवढं कौतुक मला जन्मभर पुरलं.

माझ्यापाठोपाठ धाकटी आली. तोच पत्रा, तोच तोंडवळा, पण कडी दोनच. तिच्या नकाशावर सही करायला बाईंनी नकार दिला. सही दुसऱ्या कोणीतरी केली आणि दुसऱ्या दिवसापासून बाई कारखान्यात यायच्या बंद झाल्या.

पुढची अकरा वर्षं आम्ही दोघी पुष्कळ हिंडलो. धाकटी हलकी म्हणून तिचा सगळीकडे मान. मला म्हणत, "ती जाडी आणा रे मागून." मी ऐकून घ्यायचे. खोटं कशाला सांगू, तिचा हेवा वाटायचा मला.

मग तो दिवस आला. टाक्या धुण्याच्या आवारात आम्ही शेजारी शेजारी उभ्या होतो. मध्ये जेमतेम एक माणूस चालेल एवढी वाट. तिथे दोघं जण काम करायचे, दाजी आणि त्यांचा मेहुणा. दाजी मोजकं बोलायचे. मेहुण्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं. आदल्या आठवड्यात रंगारी येऊन गेला होता. रंग आत जाऊ नये म्हणून त्यानं आमच्या झडपांची तोंडं प्लास्टिकनं बांधली आणि त्या प्लास्टिकवरूनही राखाडी रंगाचा हात फिरवून निघून गेला. खालून पाहिलं तर काही वेगळं दिसत नव्हतं.

सकाळभर दाजींनी आम्हाला वाफ दिली. पोट चटका बसेल इतकं तापलं, आतली हवा वाफेनं हुसकून लावली. दुपारी आभाळ भरून आलं आणि गार पावसाची सर कोसळली. धुतलेल्या पोटात पाणी पडू नये म्हणून दोघांनी आमची झाकणं घट्ट आवळली. चूक अशी काहीच नव्हती. झडपा उघड्या असत्या तर काही झालंही नसतं.

पाऊस पाठीवर पडत राहिला. आतली वाफ गार होऊन थेंब झाली आणि थेंब तळाशी जाऊन बसले. माझ्या पोटात काही उरलं नाही. माल नाही, वाफ नाही, हवाही नाही. तुम्हाला कधी कोणी आतून ओढलं आहे का, मित्रांनो? हात दिसत नाही, माणूस दिसत नाही, आणि तरी चहूबाजूंनी काहीतरी अंगावर येत राहतं. रोजची हवाच ती, तुम्ही श्वासात घेता ती. पण आतून तिला अडवणारं कोणी राहिलेलं नसतं.

पाऊस थांबला. मेहुणा धाकटीच्या पाठीवरच्या फळीवर चढून नळी गुंडाळत होता. तेवढ्यात धाकटीच्या पोटातून एक खोल, लांब हुंकार आला.

"दाजी, ही हुंकार देतेय."

"तुझं पोट बोलत असेल. डबा खाल्ला नाहीस अजून."

मेहुणा हसला. हुंकार थांबला. छपरावरून पाणी ठिबकत होतं, तेही क्षणभर ऐकू येईनासं झालं. आणि कोणी हातही न लावता धाकटी आत गेली. कागद मुठीत चुरगळावा तशी. तोफेसारखा एकच आवाज झाला आणि पुन्हा सगळं गप्प.

मेहुणा आमच्या मधल्या वाटेत पडला. पिळवटलेली शिडी त्याच्या पायावर आली होती. दाजींनी ती उचलून पाहिली, ओढून पाहिली. तसूभर हलेना. ते मदतीला हाक मारणार, इतक्यात मेहुण्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"दाजी," तो अगदी हळू म्हणाला, "आता ही पण बोलतेय."

खरंच, मी बोलत होते. मला थांबता येत नव्हतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या कड्याच्या मधला माझा पत्रा इंचाइंचानं आत चालला होता. दाजींनी माझ्यावर तळवा टेकवला.

"तुम्ही निघा," मेहुणा म्हणाला.

"आणि तुझ्या ताईला काय तोंड दाखवू?"

दाजी माझ्या शिडीवरून पाठीवर चढले. झाकण उघडणं शक्य नव्हतं, बाहेरच्या हवेनं ते दाबून धरलं होतं. गुडघ्यांवर रांगत ते झडपेपाशी आले. तिच्या तोंडावरचा रंग त्यांना बोटांखाली मऊ लागला. मधोमध तो आत ओढला गेला होता, गालाला खळी पडावी तसा. त्यांनी नखांनी, मग दातांनी ते प्लास्टिक फाडलं.

मी किंचाळले. बाहेरची हवा माझ्या पोटात शिरताना जो आवाज झाला, त्याला दुसरा शब्द नाही. झडपेनं दाजींचा तळवा ओढून धरला. त्यांनी तो सोडवला तेव्हा कातडी तिथेच राहिली होती. बराच वेळ मी हवा घेत राहिले. हुंकार बारीक होत गेला, आणि थांबला. चार कड्यांनी तेवढा वेळ मला धरून ठेवलं होतं.

मेहुणा वाचला. पाय मात्र घोट्यापासून गेला.

आठवड्यानं मामा आले. बरोबर कंपासबाई होत्या. केस पांढरे झाले होते. मामांनीच त्यांच्या घरी जाऊन त्यांना आणलं होतं. दोघं धाकटीसमोर येऊन उभी राहिली.

"आत होतं तरी काय हिच्या?" मामांनी विचारलं.

"काही नव्हतं, मामा."

मामा तिथेच खाली बसले. मग मान वर न करता म्हणाले, "तिच्यासारख्या अजून सहा बाहेर फिरताहेत. मला त्या परत हव्यात. तू कडी घाल." बाईंनी कागद मागितला आणि तिथेच, माझ्या चौकटीवर टेकून आखायला लागल्या. सहाही टाक्या महिन्याभरात परत आल्या. धाकटीला मात्र कापून नेलं. तिचे तुकडे गाडीत पडताना आवाज भांड्यांसारखा येत होता.

मेहुणा आता लाकडी पायानं आवारात फिरतो. बडबड पूर्वीसारखीच चालते. फक्त झाकण लावायची वेळ आली की तो गप्प होतो, शिडी चढतो आणि झडपेचं तोंड बोटानं चाचपून येतो. दाजींच्या तळव्यावर झडपेच्या तोंडाएवढा गोल वण अजून आहे. माझ्या अंगावर दोन कड्यांच्या मधे एक खळगा राहिला आहे. पाऊस पडला की त्यात पाणी साचतं.

मित्रांनो, आम्हाला रंगवा, धुवा, जड म्हणून हसा, काही म्हणणं नाही. फक्त जपण्यासाठी काही बांधलंत, तर ते सोडायची आठवण ठेवा. आणि एखादी रिकामी टाकी हुंकार देऊ लागली, तर कारण नंतर शोधा. तिच्या पाठीवर असलेल्या माणसाला आधी खाली बोलवा.