परतीची गाडी

स्वप्नालीनं गादीच्या वळकटीवर गुडघा रोवला आणि धनाजीला दोरी ओढायला सांगितली. त्यानं जोर लावून ओढली, दोरी तुटली आणि तो धाडकन मागच्या खोक्यावर जाऊन बसला. खोक्यात लोणच्याच्या बरण्या होत्या. दोघांनीही श्वास रोखून कान दिला. आतून काहीच आवाज आला नाही.

"स्वेटर गुंडाळलेत बरण्यांना," स्वप्नाली म्हणाली. "म्हणून वाचलाय तुम्ही."

धनाजी तसाच खोक्यावर बसून हसायला लागला. त्याला कुपवाडच्या कारखान्यात नोकरी लागली होती, तिला तिच्या पतसंस्थेनं सांगलीच्या शाखेत बदली दिली होती, आणि त्याच्या आईच्या घराला लागूनच दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. एवढं सगळं एकदम जुळून आल्यावर माणसानं हसायचं नाही तर काय करायचं, असं त्याचं म्हणणं होतं. स्वप्नालीला मात्र हसायला सवड नव्हती. पतसंस्थेत ती वसुलीच्या टेबलावर बसायची आणि पैसा वाचवायचा म्हटलं की तिच्या अंगात वारं शिरायचं. साताऱ्याहून सांगलीला बिऱ्हाड हलवायचं ठरल्या दिवसापासून तिनं खर्चाचे कप्पे पाडले होते. गाडीभाडं, हमाली, वाटेतला चहा, आत्यांसाठी कंदी पेढे आणि सगळ्यात शेवटी अडीअडचण. अडीअडचणीनं किती रुपयांपर्यंत यायचं, हेही तिनं ठरवून टाकलं होतं.

घोडं अडलं होतं ते गाडीभाड्यावर. सामान हलवून देणाऱ्या कंपन्यांचे आकडे ऐकून तिला घाम फुटला होता. एकजण फोनवर अदबीनं म्हणाला की आमच्या भाड्यात विमा धरलेला आहे. विमा सामानाचा की भाडं ऐकणाऱ्याचा, असं तिनं विचारलं, तेव्हा त्यानं फोन ठेवून दिला.

मग एका संध्याकाळी धनाजीनं बातमी आणली. सांगलीचा गुंडा नावाचा एक टेम्पोवाला होता. तो हळदपूड घेऊन साताऱ्याच्या मसालेवाल्याकडे यायचा आणि जाताना गाडी मोकळीच न्यायचा. परतीची गाडी म्हणून निम्म्याहून कमी भाड्यात यायला तयार होता.

"तुम्हाला कुठं भेटला हा?" तिनं विचारलं.

"मला न्हाई. आईनं सांगितलं. तिच्या वळखीचा हाय."

स्वप्नालीच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली. आत्यांनी सांगितलं? स्वतःहून? तिला आनंद झाला आणि पाठोपाठ धाकधूकही वाटली. कारण सासूबाई हरणाबाई, ज्यांना ती आत्या म्हणायची, तिच्याशी कामापुरतंच बोलायच्या. त्यात चूक कुणाची होती हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

लग्न करताना स्वप्नालीनं असेच कप्पे पाडले होते. मांडव, वाजंत्री, जेवणावळ, मानपान यांची बेरीज केली आणि सरळ सांगून टाकलं की एका दिवसासाठी एवढे पैसे उडवायचे नाहीत, साताऱ्यात नोंदणी करायची आणि त्या पैशातून घराला लागणाऱ्या वस्तू घ्यायच्या. धनाजीनं मान डोलावली. मेढ्याच्या तिच्या वडलांनीही हो म्हटलं. फ्रिज आला, कपाट आलं, कपडे धुण्याचं मशीन आलं. आपलं लग्न फ्रिजमध्ये ठेवलंय, खराब व्हायचं नाही, असं धनाजी मित्रांना सांगायचा.

हरणाबाई कचेरीत आल्या, साक्षीदार म्हणून सही केली, दोघांच्या हातावर साखर ठेवली. उभा जन्म त्यांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळद निवडण्यात घालवला होता. त्यांच्या हाताच्या रेघा घासूनही पांढऱ्या होत नसत. निघताना एसटीच्या पायरीवर उभ्या राहून त्या एवढंच बोलल्या होत्या, "समद्या मुलखाची लग्नं माज्या हातच्या हळदीनं झाली. आन् माजं पोरगं तेवढं कोरडं ऱ्हायलं."

रागानं बोलल्या असत्या तर स्वप्नालीनं उत्तर दिलं असतं. त्या रागानं बोलल्या नव्हत्या. कोरडं हा शब्द तेव्हापासून तिच्या मनात रुतून बसला होता. वसुलीच्या टेबलावर ती भल्याभल्यांना पाणी पाजायची, पण सासूचा फोन आला की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. आता तर भिंतीला भिंत लावून राहायचं होतं. सामान काय, कुठल्याही गाडीतून गेलं असतं. आपण त्या घरात नीट पोचतो की नाही, याची तिला खरी काळजी होती.

ठरल्या सकाळी गुंडा आला. बुटका, गोल, पान खाणारा. त्यानं टेम्पोचा मागचा फाळका पाडला आणि स्वप्नालीनं कपाळावर हात मारला. आतला हौदा पिवळाधमक होता. कोपऱ्याकोपऱ्यात, फळ्यांच्या फटीत हळदपूड साचली होती.

"पोतं फुटलं वाटंत," गुंडा शांतपणे म्हणाला.

तिनं त्याला गाडी झाडून घ्यायला सांगितलं. आपल्याकडे झाडू नाही, असं त्यानं सांगितलं. मग ती स्वतःच वर धावली. खोलीत सोडून जायचा म्हणून बाजूला ठेवलेला जुना झाडू घेऊन खाली आली, तर गुंडा हौद्याच्या तोंडाशी आडवा उभा. घर हलवताना, लक्ष्मी गाडीत चढायच्या आधी गाडीला झाडू लावायचा नसतो, असं तो म्हणाला. हे कुठल्या शास्त्रात आहे, असं तिनं विचारलं. आमच्या गाडीच्या, असं त्यानं सांगितलं. तेवढ्यात हमालांनी कपाट खाली आणलंच होतं आणि हमाल ताटकळले की हमालीचा कप्पा फुगणार होता. स्वप्नालीनं झाडू टाकला.

सामान चढलं. वर ताडपत्री आवळली. मग गुंडानं दुसरी अडचण काढली. फ्रिज उभाच न्यायचा तर तो धरायला मागं एक माणूस बसायला हवा. स्वप्नाली लगेच पदर खोचून पुढं झाली. आपल्या वस्तूंवर तिचा स्वतःइतका कुणावरच भरवसा नव्हता. पण गुंडा ऐकेना.

"वैनी फुडं बसत्याल," तो म्हणाला. "धनाभाऊ मागं. सांगलीपतूर काय ते मीच सांगनार."

धनाजी तोंडाला रुमाल बांधून आनंदानं मागं चढला. त्याला कशातही आनंदच वाटायचा.

गाडी महामार्गाला लागली. अजिंक्यतारा मागं पडला तेव्हा स्वप्नालीला एकदम भरून आलं. तिनं मांडीवरचा पेढ्यांचा बॉक्स घट्ट धरला. अर्धा किलोच घ्यायचा ठरला होता, पण दुकानात उभी राहिल्यावर तिच्या तोंडून एक किलो निघून गेलं होतं. असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. कराड गेलं, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. मधूनच मागून धनाजीच्या शिंका ऐकू यायच्या. प्रत्येक शिंकेला गुंडा "जय हो" म्हणायचा आणि गाडीचा वेग जरा वाढवायचा.

पेठ नाक्यावर चहाला थांबले. स्वप्नाली कप घेऊन मागं गेली, ताडपत्रीचा कोपरा उचलला आणि कप तिच्या हातात हिंदकळला. ताडपत्रीखाली वारं शिरून हळद घुसळली होती आणि घामावर बसली होती. धनाजीचे केस पिवळे, कान पिवळे, सदरा पिवळा. त्यानं रुमाल खाली ओढला तर नाकापासून हनुवटीपर्यंत तेवढा मूळचा धनाजी शिल्लक होता.

"फ्रिज एकदम झ्याक हाय," तो म्हणाला आणि शिंकला.

ती हसली. पोट धरून, चहा सांडून, रस्त्यावर खाली बसून हसली. चहावालाही कपबशा सोडून बघायला आला. किती महिन्यांनी आपण असं हसतोय, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला फार बरं वाटलं. मग एकाएकी तिचं हसू थांबलं. या अवतारात आत्यांच्या दारात जायचं? जिच्या हिशेबीपणापायी पोराला हळद लागली नाही, तीच सून त्याला चार पैसे वाचवायला हळदीच्या गाडीत कोंबून आणते! बघणाऱ्याला ही थट्टाच वाटली असती. तिनं टॉवेल ओला करून त्याचं कपाळ घासलं. हळद जाण्याऐवजी पक्की झाली, आणखी झळकायला लागली.

"पान्यानं जात न्हाई ती वैनी," गुंडा लांबूनच म्हणाला. "चला, उशीर व्हतोय."

कुणाला उशीर होतोय ते त्यानं सांगितलं नाही.

आष्ट्यापासून सांगलीपर्यंत स्वप्नाली मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिली. आत्या, गाडी झाडून घ्यायची राहिली. आत्या, चूक माझी. आत्या, ते आधी अंघोळ करतील. एकही वाक्य तिला पसंत पडलं नाही आणि तोवर गाडी मार्केट यार्डामागच्या गल्लीत शिरली.

गल्लीतल्या बायका दारात जमल्या होत्या. सामान उतरवायला मदतीला आल्या असतील असं स्वप्नालीला वाटलं, पण सगळ्यांच्या अंगावर ठेवणीतली लुगडी आणि साड्या होत्या. शेजारच्या रेश्मानं तर गजरा माळला होता. अंगणात पाट मांडला होता, त्याभोवती रांगोळी होती. गृहप्रवेशाची तयारी असेल, असं म्हणून ती पेढ्यांचा बॉक्स घेऊन खाली उतरली. हरणाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

गुंडानं फाळका पाडला. धनाजी खाली उडी मारून आईसमोर उभा राहिला, डोक्यापासून पायापर्यंत पिवळा.

हरणाबाईंनी मुलाला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"आत्या," स्वप्नाली घाईघाईनं म्हणाली, "गाडीत हळद सांडली होती. मी झाडून घ्यायला पाहिजे होती. आत्ता धुतील ते—"

"कोन धुतंय बगू," हरणाबाई म्हणाल्या.

त्यांनी धनाजीला दंडाला धरून पाटावर बसवलं. त्याच्या गालांवरून, मानेवरून, दंडांवरून आपले दोन्ही तळवे सावकाश फिरवले. इतकी वर्षं हळद निवडलेले ते हात पुन्हा पिवळे झाले. मग त्या उठल्या आणि स्वप्नालीसमोर येऊन उभ्या राहिल्या. पुढच्या सीटवर बसून आलेल्या स्वप्नालीच्या अंगावर हळदीचा कणही नव्हता.

"आदी नवऱ्याला लागती," त्या म्हणाल्या. "मंग त्येची उष्टी नवरीला. हिकडं कर त्वांड."

स्वप्नालीनं तोंड वर केलं. खरखरीत, ऊबदार तळवे तिच्या दोन्ही गालांवर टेकले आणि तिथंच राहिले. तिनं जुळवून आणलेली सगळी वाक्यं विरघळून गेली. ती रडायला लागली. हरणाबाईंनी तिला पोटाशी धरलं तेव्हा तिची नवी साडीही पिवळी झाली. रेश्मानं हळदीच्या गाण्याची पहिली ओळ उचलली आणि मागोमाग सगळ्या बायका गायला लागल्या. धनाजी पाटावर बसून ऐटीत शिंकला.

बऱ्याच वेळानं स्वप्नालीनं डोळे पुसले आणि तिचं टेम्पोकडे लक्ष गेलं. सामान उतरून झालं होतं. गुंडानं आपल्या सीटमागं हात घातला, तिथून एक चांगला लांब दांड्याचा झाडू काढला आणि निवांतपणे हौदा झाडायला लागला.

ती बघत राहिली. मग तिनं पाटाकडे बघितलं. रांगोळी सकाळीच घातलेली दिसत होती आणि तिच्या एका कडेवरून मुंग्यांची रांग चालली होती. तिनं हळूहळू मान वळवून सासूकडे बघितलं. हरणाबाई भलतीकडेच, समोरच्या पत्र्याकडे बघत होत्या आणि त्यांचा पदर तोंडावर होता.

स्वप्नालीनं पेढ्यांचा बॉक्स उघडला, पहिला पेढा उचलला आणि पदर बाजूला करून त्यांच्या तोंडाशी धरला.

"आत्या, गाडी स्वस्तात मिळाली," ती म्हणाली.

हरणाबाईंनी पेढा खाल्ला. पिवळ्या बोटानं ओठ पुसले.

"परतीची व्हती," त्या म्हणाल्या. "म्हनलं, मोकळी कशाला आनायची."