ओळखीत कोणी आहे का?

दूधवाला यायच्या आधी टाय बांधून घराबाहेर पडणारा सोफावाला जगात बहुधा हा एकच असावा. टाय बायकोने पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवला होता. जवळून पाहिलं तर त्यावर एका मोठ्या फुलाचा चतकोर दिसायचा. पण जवळून पाहायला सवड होती कुणाला?

दर आठवड्याला भल्या सकाळी एका हॉटेलच्या हॉलमध्ये धंदेवाल्यांचं मंडळ जमायचं. एका धंद्याचा एकच माणूस: एक दंतवैद्य, एक विमेवाला, एक फरशीवाला, एक जागांचा दलाल. प्रत्येकाने दुसऱ्या कुणासाठी तरी गिऱ्हाईक आणायचं, त्याला रेफरन्स म्हणायचं. रेफरन्स आणला की टाळ्या. सलग तीनदा रिकाम्या हाताने आलात की खुर्ची जाते आणि त्याच धंद्यातल्या, बाहेर टपून बसलेल्या दुसऱ्याला मिळते. सोफावाला सलग दोनदा रिकाम्या हाताने आला होता. आणि बाहेर टपून बसला होता त्याचाच मावसभाऊ, ज्याचं फर्निचरचं झगझगीत शोरूम होतं आणि ज्याने उभ्या जन्मात हातात सुई धरली नव्हती.

तसा सोफावाला तिथे सोफावाला नव्हताच. पहिल्याच दिवशी अध्यक्षांनी त्याचं कार्ड नाकाला लावलं आणि म्हणाले, "'येथे सोफे व खुर्च्या दुरुस्त करून मिळतील'? बंधू, हे काय लिहिलंय? माणसाने स्वप्न विकावं." त्या दिवसापासून तो कम्फर्ट कन्सल्टंट झाला. दर बैठकीत मिळणाऱ्या एका मिनिटात तो उभा राहून 'आपल्या जीवनात आराम आणण्याविषयी' बोलायचा. बाकीचे तेवढ्यात मनातल्या मनात आपापल्या मिनिटाची उजळणी करायचे. या प्रवचनातून आजवर एकच काम निघालं होतं: दंतवैद्याच्या कुत्र्याची गादी. कुत्रा तिच्यावर बसत नव्हता.

रेफरन्स मात्र त्याने इमानाने दिले होते. मेव्हण्याला विमेवाल्याच्या हवाली केलं, मेव्हण्याने बोलणं सोडलं. साडूच्या न्हाणीघरात फरशीवाला घातला, तिथे साडू घसरला. बायकोच्या दोन चांगल्या दाढा दंतवैद्याने 'सावधगिरी म्हणून' काढल्या. नातेवाईक संपले तशी शेजाऱ्यांवर पाळी आली. आता हा जिन्यात दिसला की लोकांना एकदम घरात काहीतरी विसरल्याचं आठवायचं.

बैठकीच्या आदल्या दुपारी तो दुकानात एका खुर्चीच्या पोटातून जुना काथ्या उपसत होता. बायको मशीनवर बसली होती.

"उद्या काय नेणार?" तिने विचारलं.

"तुझ्या आत्याला जागा विकायची नाही ना?"

"माझ्या आत्याचं नाव काढाल तर याच सुईने तोंड शिवीन."

त्याने काथ्याची आणखी एक मूठ उपसली. मग म्हणाला, "मंडळातली खुर्ची गेली तर ती मावसभावाला मिळेल. मग उरलेली गिऱ्हाईकंही तोच नेईल."

"उरलीत कुठे? लोक सकाळी येतात, शटर बंद. तुम्ही कुठे? बैठकीला. दुसऱ्या दिवशी कुठे? चहा पीत ओळख वाढवायला. तिसऱ्या दिवशी ओळख कशी वाढवावी याच्या शिबिराला." तिने दोरा तोडला. "त्यापेक्षा हे दुकान द्या भाड्याने. मशीन घरात घेऊ. ज्याला काम करून घ्यायचंय तो येईल शोधत."

"दुकान बाबांचं आहे."

"बाबा दुकानात बसायचे," बायको म्हणाली.

सकाळी हॉलमध्ये तो नेहमीच्या जागी, विमेवाल्याच्या शेजारी बसला. खुर्चीची शिवण उसवली होती आणि फोम जिभेसारखा बाहेर आला होता. अंगठ्याने तो आत ढकलायची त्याला सवय लागली होती. हॉलमधल्या सगळ्याच खुर्च्यांची ही गत होती. पण धंदा आपला बाहेर शोधायचा असतो, बुडाखाली नव्हे, अशी त्याचीही समजूत झाली होती.

पाळी येत येत त्याच्यापर्यंत आली. अध्यक्षांनी हळहळल्यासारखा चेहरा आधीच तयार ठेवला होता.

"बंधू, आज तरी काही?"

तो उभा राहिला. झोप अर्धवट, टाय गळ्याला काचत होता, आणि जन्मभर उभं राहिल्यासारखे पाय दुखत होते.

"जागांच्या दलालसाहेबांसाठी आहे," तो म्हणाला. "मोक्याचं दुकान, भाड्याने द्यायचंय. मालक थकलाय."

हॉल एकदम जागा झाला. एवढा मोठा रेफरन्स या आठवड्यात कुणीच आणला नव्हता.

"मालक कोण?" दलालाने पेन काढलं.

"मीच."

टाळ्या. अध्यक्ष उठून उभे राहिले. "याला म्हणतात निष्ठा! घरातलं द्यायलासुद्धा मागेपुढे पाहिलं नाही!" मग त्यांना काहीतरी आठवलं आणि ते हळू आवाजात म्हणाले, "अर्थात बंधू, दुकान नाही म्हणजे नियमाप्रमाणे सदस्यत्वही... तुमचे मावसभाऊ आहेतच म्हणा."

"ते गोदामच शोधतायत!" दलाल ओरडला. "जमलंच समजा!"

पुन्हा टाळ्या.

"भाडं तेवढं तुम्हीच ठरवा," सोफावाला दलालाला म्हणाला. "तो मला दादा म्हणतो. मला घासाघीस जमणार नाही."

खाली बसताना त्याने फोम शेवटचा आत ढकलला. तो पुन्हा बाहेर आला.

पायऱ्या उतरताना विमेवाला धापा टाकत मागून आला. "कम्फर्टसाहेब, थांबा जरा! जाताय तर एक काम करून जा. हॉटेलचा मॅनेजर माझा क्लाएंट आहे. हॉलच्या सगळ्या खुर्च्या फाटल्यात, कधीपासून माणूस शोधतोय बिचारा. तुमचा आपला कन्सल्टन्सीचा मामला, पण खुर्च्या दुरुस्त करणारा कुणी साधा माणूस ओळखीत आहे का?"

सोफावाल्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. दोन वर्षं हा माणूस त्याच्या खांद्याला खांदा लावून बसला होता. रागावायचं म्हटलं तरी त्यालाही अंगात थोडी ताकद लागते.

"आहे एक," तो म्हणाला.

"काम कसं आहे?"

"बरं असतं. सकाळी बाहेर गेलेला नसला तर."

त्याने टाय सोडवून खिशात कोंबला आणि बायकोचा नंबर सांगितला.

"बाई फोन उचलतील," तो म्हणाला. "ओळखबिळख सांगत बसू नका. फक्त काम सांगा."